शेवंताबाईनं पदर झटकला नाही

शेवंताबाई गेल्याचं कार्ड अकोल्याहून आलं तेव्हा मी अमरावतीला आमच्या दुकान-नोकरांच्या संघाच्या कचेरीत सभेची सूचना लिहीत बसलो होतो. तिच्या भाच्यानं चार ओळी खरडल्या होत्या. तीन दिवस तापानं पडून होती, चौथ्या दिवशी गेली, तुम्हाला कळवायला सांगून गेली… वाचून मला आधी रागच आला. संघाची एवढी कामं अर्धी टाकून ही बाई अशी निघून जाते म्हणजे काय! महिना झाला, राग अजून आहेच. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्या 'गरीब बिचारीवर' काही लिहा, असं एका स्नेह्यानं सुचवलं. गरीब ती होती. बिचारी मात्र एक दिवसही नव्हती.

माळ्याच्या घरातली ही बाई. नवरा गेल्यावर मळा दिरानं आपल्याकडे ओढला, तेव्हा ती अकोल्याच्या धान्यबाजारात एका मोठ्या दुकानात तूर निवडायला लागली. गोदामात वीसेक बाया दिवसभर पाखडायच्या, खडे वेचायच्या. संध्याकाळी सुटी झाली की दारात मुनीम स्टूल टाकून बसायचा. प्रत्येक बाईनं त्याच्यासमोर आधी पदर झटकायचा, मग लुगड्याचा ओचा सोडून झटकायचा, तेव्हा कुठे बाहेर. हमाल, गिऱ्हाइकं, रस्त्यावरचे रिकामटेकडे, सगळ्यांच्या देखत. पाखडताना दाणे अंगावर उडतात हे कळायला काही शास्त्री लागत नाही. पण ओच्यातून तुरीचे चार दाणे पडले की ती बाई चोर ठरायची. बाजारातल्या सगळ्याच दुकानांत ही झडती चालायची आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मलाही नव्हतं, हे आता लिहून टाकतो. अमरावती आणि अकोल्याचे दुकान-नोकर, तोलारी, मिठाईच्या भट्टीवरचे कारागीर असा आमचा संघ. मी त्याचा चिटणीस. व्यापाऱ्यांना द्यायचा मागण्यांचा कागद मीच लिहिला. आठवड्याची सुटी, दुकान बंद करायची ठरलेली वेळ, नोकरांना टेकायला बाकडं. शेवंताबाईनं सांगितलं म्हणून बायांची झडती बंद करा, हीही ओळ घातली होती. सभेत चारपाच जण म्हणाले, ही बायकांची किरकोळ बाब, हिच्यापायी शेठ लोक बिथरतील आणि हातचंही जाईल. मी मान डोलावली आणि ती ओळ माझ्याच हातानं खोडली.

शेवंताबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं अकोल्याच्या स्टेशनबाहेरच्या चहावाल्याकडून मागण्यांचा छापील कागद दोनदा वाचून घेतला आणि तशीच गाडीत बसून बडनेऱ्यावरून अमरावतीला आली. कचेरीच्या दारातच उभी राहिली.

"भाऊ, याच्यात आमची गोष्ट कुठी हाये?"

मी म्हणालो, "शेवंताबाई, पुढच्या खेपेला नक्की घालू."

"तुमाले बसाले बाकडं पायजे, आमाले इज्जत पायजे. मंग बाकडं आंदी काहून?"

मी पाणी पुढे केलं. ते प्याली, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "राहू द्या. तुमी नका लिहू. आमीच करतो."

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती एवढा माल. बायांनी संप केला नाही. दिवसभर चोख काम केलं, आणि सुटी झाल्यावर सुपं भिंतीला लावून दाराच्या आत बसून राहिल्या. झडती देणार नाही आणि झडतीशिवाय सोडत नाही, तर जाणारही नाही! आता आत बाया असताना गोदामाला कुलूप कसं लागणार? शेठचा जेवणाचा वक्त टळला. मुनीम ओरडून दमला. कंदील लागले, बाजारात माणसं जमली. अखेर शेठनं वैतागून हात उडवला आणि बाया पदर सावरून बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी मुनीम पुन्हा स्टुलावर, बाया पुन्हा जमिनीवर. तिसऱ्या दिवशी अमरावतीहून मी गेलो. माझ्याबरोबर सभेत 'किरकोळ' म्हणणाऱ्यांतले दोघे होते. आम्ही दुकानाच्या ओट्यावर बसलो. आसपासच्या दुकानांतले तोलारी आले, हलवायाचे कारागीर आले, ओटा पुरेना. शेठ आतून गरजला, "क्या चाहती हो तुम?" शेवंताबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "शेठजी, तुमी रोज घरी जाता तवा तुमचं धोतर कोन झटकते?" ओट्यावर जो हशा उसळला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. शेठ लालबुंद झाला. थोड्या वेळानं त्यानं मुनीमाला स्टुलावरून उठवलं, ते कायमचं. आम्ही दोघे-तिघे तिच्या पाया पडायला निघालो तर म्हणाली, "उठा वो, घरी चुली पेटाच्या हायेत."

तेराव्यानंतर अकोल्याला गेलो तेव्हा पाय आपोआप त्या गोदामाकडे वळले. सुटीची वेळ होती, बाया बाहेर पडत होत्या. त्यांत एक नवी होती, दुसऱ्या बाजारगावातून आलेली असावी. दाराशी येऊन ती सवयीनं थांबली, खाली मान घालून तिनं पदर सोडला. मागच्या म्हातारीनं खसकन तिचा हात धरला.

"काहून वं? चोरी केली का तू?"

"नाई जी…"

"मंग चाल सरळ. इथं शेवंता काम करे."