आउट म्हणायची तालीम

टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धांमध्ये चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे आता मशीन सांगतं. मी व्यावसायिक टेनिसच्या अगदी तळाच्या पायरीवर खेळते. तिथे पात्रता फेरीत एकच पंच चार कोर्टांमधून फिरत असतो, त्यामुळे आपल्या बाजूला पडलेला चेंडू बाहेर असेल तर आपणच मोठ्याने 'आउट' म्हणायचं. माझा फोरहँड चांगला आहे, बॅकहँड बरा आहे. 'आउट' मात्र तोंडातून निघत नाही. शंका असली की मी चेंडू परत मारते. शंका नसली तरी मारते.

अशा रीतीने मी सलग पाच स्पर्धांत पहिल्याच सामन्यात हरले. सहाव्यांदा हरलीस तर टेनिस बंद आणि सोमवारपासून सांगलीला बँकेच्या परीक्षेचा क्लास, असं वडिलांनी सांगितलं. मी मान हलवली. ती कुठल्या दिशेने हलली, ते मलाही कळलं नाही.

मला शिकवायला काका होते. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता पलूसला शेती करणारे. टेनिस ते टीव्हीवरच शिकले. रॅकेट आपटून फोडणाऱ्यांबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "आमी बंदूक आपटली असती तर कोर्टमार्शल झालं असतं. ह्यांना लगीच नवी देत्यात!" दर पॉइंटला टॉवेल मागणाऱ्यांना ते मे महिन्यात उसाला पाणी पाजायला लावणार होते. जागतिक टेनिस सुधारायचे असे पुष्कळ उपाय त्यांच्याकडे होते. माझ्यासाठी एकच होता.

"अगं, भाईर पडलेल्या चेंडूला भाईर म्हणायला तुझ्या बापाचं काय जातंय?"

स्पर्धेआधी आठ दिवस त्यांनी मला शाळूच्या रानातल्या मचाणावर चढवलं. कणसं दाण्यावर आली होती, पाखरं राखायची होती.

"हाय-हुय करायचं न्हाई. आउट म्हणायचं. पाखरू उडलं तरच आउट धरणार."

पहिल्या दिवशी एकही उडालं नाही. एक पोपट तर माझ्याकडे बघत निवांत कणीस सोलत राहिला. शेजारच्या रानातल्या मावशींनी हाक मारली, "कोण आउट झालं गं?"

"अजून कोणच न्हाई," काका म्हणाले. "म्हणून तर चढवलीय."

चौथ्या दिवशी अख्खा थवा उठला.

स्पर्धा साताऱ्यात होती, लाल मातीच्या कोर्टावर. मी पहिल्यांदा 'आउट' म्हणाले तेव्हा समोरची उंच मुलगी दचकली. मीही दचकले. पण मग जमत गेलं, आणि तिसऱ्या सेटमध्ये एक पॉइंट मिळाला की सामना माझा, इथवर मी आले. तिचा चेंडू मागच्या रेषेजवळ पडला.

"आउट!"

शेजारच्या कोर्टावरचा खेळ थांबला. काका उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ती मुलगी हात मिळवायला जाळीकडे निघाली. मी खाली पाहिलं. मातीतला चेंडूचा डाग पांढऱ्या रेषेला चिकटलेला होता. बाकी कुणीच तिकडे बघत नव्हतं. डाग बुटाने पुसता आला असता. बूट थोडा उचललाही.

"आत होता," मी म्हणाले.

"काय?" तिने लांबून विचारलं. दुसऱ्यांदा मला ओरडावंच लागलं.

पॉइंट तिचा झाला. मग गेम, मग सामना.

परतताना गाडीत कराड आलं. काका म्हणाले, "एवढ्या लांबनं कुणाला दिसणार हुता डाग?" थोड्या वेळाने, "मला दिसला न्हाई, ते एक बरं झालं." तेवढ्यात वडिलांचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"हरली?"

"व्हय."

"मग सोमवारी क्लास."

"नाही," मी म्हणाले. "मी पुढच्या महिन्यातली स्पर्धा खेळणार आहे. क्लासचं त्यानंतर बघू."

वडिलांनी काकांना विचारलं, "गाडीत कोण हाय रं?"

"तुमचीच पोरगी, दादा."