फ्लॅट नंबर नसलेली पाहुणी

राजाजीनगरात पहाटेपासून धुक्यागत बारीक पाऊस पडत होता. देवाप्पानं गेटापुढची ओली पानं झाडून काढली, गाड्या अडवायचा दांडा खालवर करून बघितला आणि परत एकदा तळघरात, पंपाशेजारच्या आपल्या खोलीत जाऊन नव्या चादरीच्या सुरकुत्या काढून आला. चार वर्षांत त्या खोलीत पाहुणं असं कुणी आलं नव्हतं. आज गंगव्वा येणार होती. होसकोट्याला लेकीकडं आलेली त्याची बायको, दुपारच्या गाडीनं चिकोडीला परतायच्या आधी तासभर.

केबिनीत सुपरवायझर दयानंदनं इंग्रजीचा कागद चिकटवला होता. ग्रांट एंट्री, गेन अ‍ॅक्सेस, रिफ्यूज अ‍ॅडमिशन. देवाप्पानं सगळं घोकून पाठ केलेलं. ‘सॉरी सर, एंट्री डिनाइड’ तर तो असं म्हणायचा की सुटाबुटातला माणूसही मागं सरायचा. वॉचमनच्या पाहुण्याचं काय करायचं, ते मात्र कागदात नव्हतं. मोबाईलवर फ्लॅट नंबर टाकायचा, फ्लॅटवाल्यानं हो म्हटलं तरच आत सोडायचं, एवढाच नियम.

दहाला गंगव्वा आली. डोईवर पदर, हातात भाकरीचं गठुळं.

“लई वाळलासा की वो.”

“तू काय जाड झालीस व्हय? थांब स्वल्प, आत घेतो.”

त्यानं मोबाईलवर ४०२ टाकला, पाहुणीचं नाव गंगव्वा. तिथल्या पुण्याच्या स्मिता मॅडम. अख्ख्या कानडी इमारतीत त्याच्याशी मराठी बोलणारं तेवढं एकच माणूस. आधी सांगून ठेवायचं आठ दिवस मनात होतं, पण भिडेपायी तोंड उघडलं नाही. दिवाळीत त्यांनी बायकोचं नाव विचारलं होतं, ते ध्यानात असेलच, असं धरून चालला.

मोबाईल किणकिणला. लाल अक्षरं उमटली : एंट्री डिनाइड.

“काय म्हणतंय?”

“नको म्हणतंय.”

“मला?” गंगव्वा हसली. “मग तुमी हितं कुणाचं राखतासा?”

डोक्यावर कॅमेरा होता. ती बाहेरच्या कट्ट्यावर टेकली, तो गेटाच्या गजांच्या आत उभा राहिला.

“खोली कशी हाय?”

“ऐसपैस हाय. चादर नवी घातलीया.”

“असू दे. फुडल्या बारीला बघीन.”

गठुळं गजांतून आत देऊन ती गाडी गाठायला निघाली.

बाराला स्मिताची कार गेटाशी थांबली. “काका, सकाळी कोण ती गंगव्वा? मीटिंगमध्ये होते, डिनाय केलं. साड्या विकणारी होती का?”

“होय मॅडम,” देवाप्पा म्हणाला. “गेली ती.”

कार गेल्यावर त्यानं दांडा खाली घेतला आणि टाकीत पाणी चढवायला तळघरात उतरला.