देवाच्या ताटातला मासा

पाशेद पाथरवट किती हट्टी होता, हे नदीच्या पश्चिमेला कुणालाही विचारा. आईवरच गेला होता. आई तामित, धक्क्यावर खारवलेले मासे विकायची. गिऱ्हाइकानं कितीही घासाघीस केली तरी तिचा भाव हलला तर शपथ. नवरा लवकर गेला, पण हेनुत आणि पाशेद ही दोन लेकरं तिनं त्याच टोपलीवर वाढवली. वासापायी गल्लीतली पोरं पाशेदजवळ बसत नसत. "वास आहे म्हणून पोटात घास आहे," असं म्हणून तामित विषय संपवायची.

ती गेली तेव्हा तिला चटईत गुंडाळून वाळूत ठेवण्यापलीकडे घरात ऐपत नव्हती. आता, मरून पलीकडे गेलेला माणूस जेवतो ते त्याच्या थडग्याच्या दगडावर कोरलेलं अन्न, अशी तिथली समजूत. श्रीमंतांच्या थडग्यांच्या भिंतींवर भाकऱ्यांच्या चळती, बदकं, अंजिरं. तामितच्या डोक्यावर नुसती वाळू. पाशेदनं छिन्नी हातात धरली ती या एकाच गोष्टीसाठी. पहिला बरा दगड कोरला तो त्यानं आईच्या उशाशी रोवला, आणि कुण्या चोरट्यानं तो उचलून नेला. कुणाच्या तरी घराचा उंबरा झाला असेल. दुसऱ्याचीही तीच गत. मेलेल्या बाईच्या तोंडचा घास पळवणाऱ्यांना काय म्हणावं? दरवर्षी खोऱ्याच्या सणाला लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांपाशी बसून जेवायचे. पाशेदला मात्र तिथं घास उतरत नसे. आई उपाशी आहे आणि आपण गिळायचं कसं? त्यानं मनाशी पक्कं केलं, आता कोरायचं ते कुणाच्या बापाला उचलता येणार नाही अशा जागी.

मग वरून हुकूम आला. राजे लावायचे तशी खोटी दाढी लावून जी बाई राजा होऊन बसली होती, ती मरून बरीच वर्षं झाली होती, तरी आता तिला भिंतींवरून पुसायचं होतं. नाव, तोंड, हातपाय, सगळं. राजांचं राजांनी बघावं, पाशेदला त्यात घेणं ना देणं. डोंगराखालच्या देवळात बाहेरच्या अंगणातली एक भिंत त्याच्या वाट्याला आली. शेजारच्या देवांना धक्का लागू नये म्हणून त्यानं बाईच्या कडेकडेनं छिन्नी फिरवली आणि आतलं सगळं खरवडून काढलं. भिंतीत बाईच्याच आकाराचा खळगा उरला.

"बाई आत जाऊन बसलीय," सोबतचे पाथरवट हसले. "हाक मारा, येईल बाहेर."

मुकादम सेन्नूनं येऊन पाहिलं आणि मान हलवली. हुकूम बाईला काढायचा होता, ती निघाली होती.

त्याच भिंतीवर एका ठिकाणी मात्र कोरलेला देव दोन्ही हातांनी बाईवर पाणी ओतत होता. आता देवानं रिकाम्या जागेवर पाणी ओतत राहायचं, हे काही बरं दिसेना. म्हणून तिथं सगळं सपाट करून नैवेद्याचं ताट कोरायचं ठरलं. हे काम पाशेदनं मागून घेतलं.

"देवाच्या ताटातलं आपल्या आईपर्यंत कसं येणार?" हेनुतनं विचारलं.

"ताई, आपण आजवर कसं खाल्लं? आधी देव जेवतो. मग पुजारी, मग कारकून, मग मुकादम. त्यातून उरलं तर आपण."

"म्हणजे बदक वरच फस्त. आईला कांद्याची पात."

"म्हणून तर मासा कोरणार आहे. देवाला तो चालत नाही, पुजारी त्याला शिवत नाहीत. वरून खालपर्यंत कुणी हात लावणार नाही. सरळ आईच्या पुढ्यात येईल."

हेनुत म्हणाली, "हात तोडतील तुझे."

"तोडू देत. आधी कोरून तर होऊ दे."

त्यानं भाकऱ्या कोरल्या, अंजिरं कोरली, बदक कोरलं, आणि बदकाच्या खाली पोट फाडून पसरलेला मासा. तामित वाळत घालायची तसाच.

काम संपत आलं तेव्हा तो सेन्नूच्या नजरेस पडला. "हे काय?"

"मासा."

"देवापुढं? अरे, पुजारी माझी चामडी सोलतील." सेन्नू तसा दुष्ट नव्हता, भित्रा होता. "सणाला सगळं गाव इथून जाणार. आत्ताच्या आत्ता काढ तो."

त्या भिंतीखेरीज त्याच्यापाशी दुसरी जागा नव्हती. त्यानं विचारलं, "कसा काढू, मुकादम?"

"कसा म्हणजे? त्या बाईला काढलंस तसा काढ. आता हेही शिकवू?"

"नको," पाशेद म्हणाला.

त्यानं छिन्नी लावली. तोंडापासून शेपटीपर्यंत, रेघ न सोडता, कडेकडेनं. डोळा गेला, खवले गेले, आतलं होतं नव्हतं ते सगळं गेलं. सेन्नूनं तळवा फिरवून पाहिलं, हाताला मासा लागला नाही, आणि तो निघून गेला.

सणाच्या दिवशी हेनुत गर्दीबरोबर अंगणात आली. ताटाकडे पाहून तिचा चेहरा उतरला. "मासा कुठंय रे?"

"आणि ती बाई कुठंय?"

हेनुतनं वळून पाहिलं. बाई होती तिथंच होती. खांदे, मुकुट, पुढं टाकलेलं पाऊल. कुणीतरी आपल्या लेकीला बोट दाखवून हळूच सांगत होतं, "हीच ती." मग हेनुतनं पुन्हा ताटाकडे पाहिलं. बदकाच्या खाली, पोट फाडून पसरलेला.

थडग्यापाशी जाऊन तिनं वाळूवर पाणी ओतलं. "आई, मासा पाठवलाय गं. वरच्यांनी कुणी शिवलेला नाही."

पाशेदनं भाकरी मोडली. त्या दिवशी आईच्या शेजारी बसून तो पहिल्यांदा पोटभर जेवला.