वहिनींच्या छातीतली मोटर

डहाणूपासून झाईपर्यंत आमच्या डॉक्टरांनी संशय घेतला नाही अशी एक वस्तू दाखवा, मी त्यांच्या दवाखान्याबाहेर उभा राहून पेढे वाटीन. चिकू घेताना ते आधी विकणाऱ्याचा चेहरा बघतात. पापलेटाचा कल्ला इतका वेळ उचलून धरतात, की झाईची कोळीण एकदा म्हणाली, "डॉक्टर, त्याला जीभ दाखवायला सांगू काय?" तलासरीच्या दवाखान्यात पेशंट "बरं वाटतंय" म्हणाला, की त्याला हमखास पुन्हा तपासतात. आमच्याकडे चहाचा घोट घेण्याआधी "दूध कुठलं?" हे तर ठरलेलंच.

माझ्या बायकोच्या छातीत जिना चढताना दुखायचं. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल. गॅस असेल, असं सगळ्यांनी ठरवलं, मीही. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट करून पाहिले. "नॉर्मल? मास्तर, मला हा शब्दच आवडत नाही." आमच्याच हॉलमध्ये तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पंखा बंद करा." केला. "फ्रिज." केला. मग शेजारणीचा मिक्सर थांबवायला लावला, शेवटी बिल्डिंगचा पाण्याचा पंपसुद्धा! खालून शिव्या आल्या. मला हसू आवरेना. "आता सगळं बंद आहे," ते हळूच म्हणाले, "आणि वहिनींच्या छातीत मोटर चालूच आहे."

वापीला सीटी अँजिओग्राफी झाली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीचा एक फाटा भलतीकडेच, फुफ्फुसाकडे जाणाऱ्या नळीला जोडलेला निघाला. हृदयाच्या वाट्याचं रक्त परस्पर तिकडे पळत होतं, तेही जन्मापासून. मांडीतून तार घालून ती वाट बुजवली. आता बायको जिना चढून वरूनच मला हाका मारते.

डॉक्टरांचा अर्थातच विश्वास बसलेला नाही. दर रविवारी येतात, सगळं बंद करायला लावतात, ऐकतात. गेल्या रविवारी मात्र आल्या आल्या स्टेथोस्कोप लावून, डोळे मिटून बराच वेळ बसले. "अगदी शांत," म्हणाले. "वहिनी, कसलाही आवाज नाही." डोक्यावर पंखा खडखडत होता, फ्रिज घरघरत होता, शेजारणीची चटणी वाटणं चाललं होतं. "अहो, पंखा चालू आहे," असं सांगायला मी पुढे झालो. काही बोलू नका, अशी बायकोने मला डोळ्यांनी खूण केली. "चहा टाकते, डॉक्टर," ती म्हणाली. ते तसेच बसून राहिले. तिने हाताने कप दाखवला, तेव्हा कुठे हसले.

चहा आला. दूध कुठलं, हे त्यांनी विचारलंच नाही.