हौसाबाईची लाइन

पौषातली सकाळ, आणि थंडी अशी, की मेथीवरचं दव बोटांना चावत होतं. जऊळक्याच्या टेसनामागच्या मळ्यात हौसाबाई मेथी उपटून जुड्या बांधत होती.

इंग्रजीतला तिला एकच शब्द यायचा, पण तो तिनं पार झिजवून टाकला होता. आगगाडीचे रूळ म्हणजे लाइन, लुगडं वाळवायची दोरी लाइन, वांग्यांची ओळही लाइन. सून शहाण्यासारखी वागली की ती 'लाइनीवर आली', आणि पाव्हणे एकदाचे गेले की 'लाइन मोकळी!' शब्द उचलला तो रुळावरच्या गँगचा मुकादम धनसिंग याच्याकडून. त्याच्या माणसांना ती बारा वर्षं भाजी देत होती.

आज मात्र तिचा जीव वांग्यांच्या शेवटच्या ओळीत अडकला होता. शेजारच्या दौलतरावांचा वखर दरसाल मधला धुरा, म्हणजे बांध, थोडाथोडा खात आला होता. औंदा त्यांचा हरभरा वांग्यांना येऊन टेकला. पुढच्या साली ती ओळच जाणार.

"हरभऱ्याच्या दोन तासांसाठी भांडन कायले?" नवरा पुंजाजी पुटपुटला.

"भांडतं कोन? मी फकस्त पाह्यतो," हौसाबाई म्हणाली.

दौलतराव हरभरा बघायला आले होते. त्यांच्या देखत हौसाबाईनं पदर खोचला आणि हद्दीच्या अलीकडच्या दगडापाशी सरळ पालथी पडली, गाल मातीला टेकवून, नजर पलीकडच्या टोकाच्या दगडावर. धनसिंग रूळ वाकडा झाला की अस्साच रुळावर गाल ठेवून पाही.

"अवं, हे काय करून राह्यली?" पुंजाजी घाबरला.

"काडी घ्या आन् मधात उभे राहा! सरका तिकडं. आनखीन. हां, रोवा!"

काडी रोवली गेली ती हरभऱ्यात, चार ओळी आत.

"बाईच्या डोयाचा काय भरोसा?" दौलतराव म्हणाले.

"मंग तुमीच झोपा ना, भाऊ. रानात कोन पाह्यते?"

दौलतराव पोट सावरत आडवे झाले. फेटा घरंगळला. एक डोळा मिटून त्यांनी समोरच्या दगडाकडं पाहिलं. बराच वेळ उठेचनात. मग पोट हलायला लागलं. हसत होते.

"बाप्पा! धुरा तं गाभन बकरीसारखा फुगला हाय! हा माह्या काण्या बैलाचा परताप. वाकडाच ओढते तो."

"बैल काणा हाय, भाऊ. मालक तं नाही ना?"

पुंजाजीला ठसकाच लागला. दौलतराव फेटा झटकत उठले. "सोंगून घेतो हरभरा. मंग त्या काडीवरूनच धुरा घाला, बाई. आन् माह्या वरच्या वावराले बी एकडाव डोया लावता का?"

"लावीन. पन आज नाही, माह्या गोठ्यातलं शेन तसंच हाय अजून," म्हणत तिनं अंगावरची माती झाडली आणि टोपली उचलली.