तालातोची सहा झाडं

मंगळवारी जन्मली म्हणून तिचं नाव तालातो. मंगळवारची बाई जन्मतःच काळजी घेऊन येते, असं तिचा नवरा नोबिला चारचौघांत सांगायचा. तालातोचं म्हणणं वेगळं होतं. तिची काळजी जन्माची नव्हती, लग्नातली होती. टांगलिली गावात सून म्हणून ती आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूनं तिला बाजरीच्या शेतात नेलं, सहा झाडं दाखवली आणि म्हणाली, "ही आता तुझी. सांभाळलीस तर घर जेवेल."

झाडं कारितेची, म्हणजे मोहाच्याच कुळातली. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या मोसी लोकांत शेत नवऱ्याचं, शेतातलं झाडही नवऱ्याचं, पण कारितेचं फळ बायकोचं. जूनमध्ये फळ खाली पडतं, ते वेचायचं, गर खायचा, बी वाळवून भाजून कुटून त्याचं लोणी काढायचं. त्याच महिन्यांत कणगी तळाला गेलेली असते आणि नवी बाजरी यायला ऑक्टोबर उजाडतो. त्या मधल्या दिवसांत तालातोच्या घरात जे शिजायचं ते या सहा झाडांच्या जिवावर. लोणी घरात, उरलेलं बाजारात, आणि बाजारातून धान्य. तीस वर्षांत तिनं झाडांना नावंही देऊन टाकली होती. सगळ्यांत मोठी ती म्हातारी. एका बुंध्यातून फुटलेले ते दोघे भाऊ. ते दोघे मिळून एक झाड. मग वाकडी, पाहुणी, बहिरी, आणि बांधावरचा कंजूष, जो भरल्या वर्षीही अर्ध्या टोपलीच्या वर जात नसे.

पण झाडाचा वसवा पिकाला लागतो, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. म्हातारीच्या सावलीत बाजरी गुडघ्याएवढी राही आणि कणसं बोटाएवढी. उघड्या रानात डोक्यावर गेलेलं पीक आणि झाडांखाली सहा टकलं, असं ते शेत दिसायचं. त्या वर्षी पाऊसही लहरी झाला. कणगी नेहमीपेक्षा महिनाभर आधी संपणार, हे जानेवारीतच नोबिलानं हात घालून पाहिलं आणि तो गप्प झाला. एरवी तो बडबड्या माणूस.

नेमका तेव्हाच तोए आला. तोए शेतकी सल्लागार, पस्तिशीतला, मोटारसायकलवरून धूळ उडवत गावोगाव फिरणारा. माणूस कामाचा, पण जातीनं सामो. आणि मोसी-सामो यांचं नातं थट्टेचं. वाडवडिलांपासून चालत आलेलं. सामोनं मोसीला गुलाम म्हणायचं, मोसीनं सामोला कुत्रेखाऊ म्हणायचं, आणि दोघांपैकी जो रागावेल तो माणसातून उठला. मयताच्या घरीसुद्धा सामो येऊन रडणाऱ्यांची टर उडवतो आणि रडणारे डोळे पुसत हसतात. असा तोए शेजारच्या गावातलं शेत दाखवायला माणसांना घेऊन गेला. तिथं दोन वर्षांपूर्वी कारितेच्या फांद्या छाटल्या होत्या आणि झाडाखालची धाटं उघड्या रानातल्या धाटांइतकीच जाड होती. नोबिलानं वाकून ती स्वतःच्या मुठीत धरून पाहिली. परत आला तो बोलतच आला.

संध्याकाळी चिंचेखाली दोलोचे, म्हणजे ज्वारीच्या गावठी दारूचे, भोपळे फिरले आणि तोए उभा राहिला.

"ऐका रे गुलामांनो. तुमच्या टाळक्यात शिरेल असं सांगतो. सहा झाडं असतील तर यंदा तीनच छाटायची. उरलेली तीन दोन वर्षांनी. छाटलेलं झाड दोन वर्षं फळ देत नाही."

"आणि सगळी छाटली तर?" नोबिलानं विचारलं.

"सगळी छाटलीस तर तुझी बायको दोन वर्षं लोण्याचा वाससुद्धा घेणार नाही, तू कोरडा साग्बो गिळशील, घशात अडकेल, आणि मग माझ्या दारात येशील, तोएदादा, कुत्र्याचं डोकं तरी दे म्हणून!"

चिंचेखाली एकच हशा पिकला. भाकरीऐवजी खातात तो बाजरीचा घट्ट साग्बो, तो कोरडा गिळणाऱ्या नोबिलाची नक्कलही तोएनं करून दाखवली. आणि या हशात तालातोचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तीच मागून ओरडली, "तुझ्या दारात डोकं उरेल तेव्हा ना रे! शेपटीसकट खातोस तू!" तोए हात जोडून खाली बसला. वर्षभर पुरेल असं हसू झालं. बाजरी किती येते, कुऱ्हाड कशी धरायची, फांदी बुंध्याजवळ कुठं तोडायची, हे सगळं लोकांनी नीट लक्षात ठेवलं, कारण ते सांगताना तोए थट्टा करत नव्हता.

दुसऱ्या दिवशी नोबिला म्हातारीवर चढला.

"सहाही?" तालातोनं खालून विचारलं.

"मग काय दोन वर्षं वाट बघू? तीन छाटून एवढं पीक तर सहा छाटून किती?"

"पण तो तोए म्हणाला ना..."

"तो सामो काय म्हणाला? कुत्र्याचं डोकं म्हणाला. तूच तर हसलीस."

हे मात्र खरं होतं. ती हसली होती. आणि तिथूनच तिला काळजीनं ग्रासलं. पहिली फांदी धाडकन पडली, तिच्यावर फुलांचे गुच्छ होते, त्यांना मधासारखा वास येत होता. दुसऱ्या दिवशी वाकडी गेली. तालातो फांद्यांचं सरपण बांधत राहिली आणि एकच गोष्ट मनात घोळवत राहिली. तोए ते थट्टेत बोलला की खरं बोलला? थट्टेत खरं बोलला, की खऱ्यात थट्टा मिसळली? शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, सामोच्या तोंडाला लागतेस कशाला?" फोन करावा, तर फोनवर सामो मोसी बाईला शिव्यांशिवाय काय देणार? तिसऱ्या दिवशी बहिरी गेली. 

चौथा दिवस बाजाराचा होता. तोए बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी असायचा. तालातोनं सायकल काढली.

"आज थांबा," ती नोबिलाला म्हणाली. "मी विचारून येते. एकच दिवस."

"काय विचारणार? थट्टा केलीस का म्हणून? सगळा बाजार हसेल तुला."

"हसू दे."

नोबिला कुऱ्हाडीला धार लावत होता, ती लावतच राहिला. बायकोनं सामोकडून हसं करून घ्यावं आणि मग आपलं काम अडावं, याआधी ते उरकून टाकलेलं बरं, असं त्याच्या मनात आलं असणार. पुरुषांना असलं सुचायला वेळ लागत नाही.

वारा वाळवंटाकडून समोरून येत होता. दोन तास ती धूळ खात पेडल मारत राहिली. तोए बाजाराच्या कडेला झावळ्यांच्या एका मांडवाखाली चहा पीत बसला होता. तिला पाहताच त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा! गुलाम मालकाकडे आली! काय आणलंस खायला?"

तालातो सायकल धरूनच उभी राहिली. तिनं परतीची शिवी दिली नाही. "तोए," ती म्हणाली, "झाडं छाटली तर दोन वर्षं फळ नाही, हे खरं आहे का? नोबिला सहाही छाटतोय."

तोएच्या हातातला चहाचा पेला खाली आला. तो उठला, त्यानं बाक तिच्याकडे सरकवलं.

"बसा, आई," तो म्हणाला.

तालातोनं सायकल टेकवली आणि ती बसली. गुलाम नाही, आळशी नाही, कुत्र्याचं डोकं नाही. आई. सामोनं मोसी बाईला सरळ आई म्हटलं, म्हणजे आता हसण्यासारखं काही उरलं नाही. त्यानं पुढं जे सांगितलं ते तिला जवळजवळ ऐकायचीही गरज नव्हती.

"खरं आहे, आई. नव्या फांद्या फुटतात, पण फुलायला वेळ घेतात. सगळी एकदम छाटली तर घरात दोन जून कोरडे जातात. म्हणून अर्धी अर्धी करायची. मी नीट सांगायला हवं होतं. चूक माझी. किती झालीत?"

"तीन."

"मग पळा. तीनवर थांबला तर काही बिघडलं नाही."

वारा आता पाठीवर होता. तिनं सायकल अशी हाणली की लुगड्याचं टोक साखळीत सापडून फाटलं, तरी थांबली नाही. टेकाड चढल्यावर शेत दिसतं. तिथून तिनं आभाळावरची झाडं मोजली. तीन हवी होती. एक दिसलं. दोघे भाऊ आणि पाहुणी ही झाडं उभी होती, पण नुसत्या खोडांची, टक्कल केलेली. आणि कंजूषाच्या बांधावरून कुऱ्हाडीचा आवाज येत होता.

ती शेतात शिरली तेव्हा नोबिला झाडाच्या पहिल्या बेचक्यात होता. कुऱ्हाड एका फांदीत रुतलेली होती.

"काय म्हणाला तुझा कुत्रेखाऊ?" त्यानं वरून विचारलं. तोंडावर हसू होतं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"त्यानं मला शिवी दिली नाही," तालातो म्हणाली. "बाक दिलं. आई म्हणाला."

नोबिलाचं हसू तिथंच थांबलं.  त्यानं कुऱ्हाड उपसली, खाली टाकली आणि हळूहळू उतरला. खाली आल्यावर पाच बोडक्या झाडांकडे पाहत राहिला. म्हणाला, "शिवी नाही दिली?" आणि तिनं मान हलवली.

त्या जूनमध्ये कंजूषानं कंजूषपणाच केला. पाव टोपली. बाजाराला न्यायला काही उरलं नाही. तालातोनं लोण्याचा गोळा सुपारीएवढा करून रस्सा केला, पुढं तेवढाही राहिला नाही. नोबिला कोरडा साग्बो गिळायचा आणि वर पाणी प्यायचा. दोघांचीही हाडं दिसायला लागली. पण खोटं कशाला बोला, ऑक्टोबरात बाजरी आली ती अशी की त्या शेतानं कधी पाहिली नव्हती. म्हातारीखालचं टक्कल नाहीसं झालं होतं. कणसं हातभर. कणगी वरपर्यंत भरली आणि पुढच्या वर्षीचा मधला काळ धान्याच्या जोरावर निभावला.  नोबिला चुकला होता, आणि चुकला नव्हताही.

पण धान्य पुरलं म्हणून तालातोची झोप परत आली नाही. झाडं जगतात का, हीच काळजी. छाटल्या वर्षी म्हातारी पहिल्या पावसापर्यंत फुटलीच नव्हती. तालातो रोज नखानं साल खरवडून आतला हिरवा रंग पाहायची. एकदा तो दिसेना, तेव्हा ती तिथंच मटकन बसली होती. नंतर म्हातारी फुटली. पाचही फुटली. जाड, सरळ, मोठ्या पानांच्या फांद्या. पण दुसरा जूनही तोएनं सांगितल्यासारखाच कोरडा गेला. तिसरा जानेवारी आला. पानं गळली, फांद्यांच्या टोकाला काही तरी फुगायला लागलं. तीस वर्षांत तिनं असल्या हजारो कळ्या पाहिल्या होत्या, पण कापलेल्या झाडाच्या कळीवर तिचा विश्वास बसेना. नुसत्या पानांच्याच निघाल्या तर? आणखी एक कोरडा जून? नोबिलाही पाहून जायचा.

तेव्हा एक दिवस धूळ उडवत तोए आला. मोटारसायकल बांधावर लावली आणि काही न बोलता सरळ म्हातारीकडे गेला. दोन वर्षांत तो या शेतात फिरकला नव्हता, लाजला असावा. तालातो चार पावलं मागं. नोबिला शेताच्या दुसऱ्या टोकाला बाजरीची जुनी धाटं उपटत होता, तो उभा राहिला.

तोए म्हातारीवर चढला. एक डहाळी वाकवली, टोक चिमटीत धरलं, पाहिलं. दुसरी वाकवली. त्याच्या तोंडातून शब्द नाही. 

"बोल ना रे काही," ती खालून म्हणाली.  "काहीही बोल. आई म्हणू नकोस फक्त."

तोएनं खाली पाहिलं. डहाळी तोडून तिच्या पायाशी टाकली.

"ए गुलामबाई! डोळे आहेत की भोकं? ही कळी आहे, कळी! गुच्छच्या गुच्छ लागलेत. एवढी सोन्यासारखी झाडं देवानं तुमच्यासारख्या आळशी, हावरट, बिनडोक मोसींच्या हाती दिली, देवाचंच डोकं फिरलं असणार!"

तालातोनं डहाळी उचलली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला सुचेना. शेताच्या पलीकडच्या टोकाला नोबिला अजून तसाच उभा होता, हातात उपटलेलं धाट, मान पुढं काढून. 

"दिल्या हो!" ती ओरडली. "शिव्या दिल्या! पोटभर दिल्या!"