तीन तासांवरचा मुलगा

"पोरगा दुबईला नाय, तीन तासांवर हाय," असं माझे वडील सगळ्या पळसदरीला सांगत फिरायचे. विमानाला तेवढे तास लागतात, हे मीच त्यांना सांगितलं होतं. विमानतळावर आधीपासून ताटकळावं लागतं, पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो, हे मात्र सांगितलं नव्हतं. बापाला कशाला घोर लावायचा?

मागच्या साली काकी गेली. काकांचा मुलगा लंडनला, त्याच्यासाठी तिला दीड दिवस बर्फाच्या पेटीत ठेवली. लंडनचं विमान नऊ-दहा तासांचं, मग दीड दिवस कसा लागला, हे कुणी विचारलं नाही. वडील मात्र पेटीशेजारी बसून सगळ्यांदेखत म्हणाले, "माझा असता तर तीन तासांत दारात उभा ऱ्हायला असता." तोंडाचा फटकळ माणूस. काका पेटीवरचा हार सारखा करत राहिले.

दिवाळी झाली आणि वडील गेले, सकाळी चहा पिता पिता. धाकट्या बहिणीचा फोन आला. मी येईपर्यंत थांबा, मला त्यांचं तोंड बघू दे, अग्नी मलाच द्यायचाय, एकुलता एक मुलगा मी, असं काहीबाही रडत बोललो. काकांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"थांबतो की रं. तीन तास थांबतो."

दुःखात माणूस काहीही बोलून जातो, असं मला वाटलं. मालकाच्या हातापाया पडून पासपोर्ट सोडवला, दुपारचं विमान गाठलं. मुंबईत उतरून बहिणीला फोन लावला.

"दादा, नेलं रं बाबांना. मी तिरडीला आडवी पडले, तर मला ओढून बाजूला केली."

गाडी हायवे सोडून गावाकडे चौक फाट्याला वळली तरी मी काकांना शिव्याच घालत होतो. पोचलो तेव्हा चिता विझत आली होती. अग्नी काकांनीच दिला होता. ते आंघोळ करून अंगणात बसले होते.

"काकीला दीड दिवस ठेवलीत ना?" मी ओरडलो.

"लंडन लांब हाय. तू जवळचा. तुझा बापच सांगायचा."

बसलेल्यांतला एकजण हसला. मी त्याच्या अंगावर धावलो, पण लोकांनी मला धरलं.

मग मी दुबई सोडली. ज्याला तिचं कौतुक होतं तोच उरला नव्हता. यंदा काकांनी अंथरूण धरलं. लंडनचा मुलगा फोनवरच विचारपूस करतो. बहिणीने फारच लकडा लावला म्हणून मी बघायला गेलो. काकांनी माझा हात घट्ट धरला.

"माझं काय झालं तर तो येईस्तवर ठेवशील ना रं मला?"

घरातला कर्ता आता मीच. ठरवायचं मीच.

"बघू," म्हणालो आणि हात सोडवून घेतला. ते रडायला लागले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.